पळते एक, बसतात आठ

धुमाळ सरांची आणि माझी ओळख भांडणातून झाली आणि त्या भांडणात चूक माझी होती. असं वाक्य मी सहसा लिहीत नाही. सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी मात्र ते पहिल्याच ओळीत घातलं आहे.

भोरच्या आमच्या महाविद्यालयात सर शारीरिक शिक्षणाचे संचालक आणि मी इंग्रजीची प्राध्यापिका. मुलींच्या खो-खो संघाबरोबर बाहेरगावी जायला एक बाई लागते. त्या आठवड्यात स्टाफरूममधल्या सगळ्यांच्याच घरी अचानक पाहुणे येणार होते, आणि मी वर्गात शिकवत असताना माझं नाव कागदावर चढलं. मी तडक जिमखाना गाठला. "मला खो-खोतलं ओ का ठो कळत नाही," असं ठणकावलं. सर एका दोरीची गाठ सोडवत बसले होते. मान वर करून म्हणाले, "बरं झालं, मॅडम. कळणारे चार जण आहेतच. त्यांचाच त्रास होतो."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी त्या संघाबरोबर जात राहिले.

संघातल्या निम्म्या मुली वेल्ह्याकडच्या होत्या. सराव आटोपला की त्या एसटीनं कापूरहोळला जायच्या आणि तिथं गाडी बदलायच्या. सर रोज त्या एसटीच्या मागे मोटारसायकलवरून जात आणि मुलींना पुढची गाडी मिळाली की परत फिरत. कुणी विचारलंच तर म्हणत, "कापूरहोळला चहा चांगला मिळतो." मी तो चहा प्यायले आहे. तो चांगला नाही.

ज्या सामन्यासाठी हा लेख लिहायला बसले, तो माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षीचा. संघ बाद फेरीत पोहोचला होता. तेव्हाच्या प्राचार्यांनी आम्हाला बोलावून सांगितलं, की हरलात तर पुढच्या वर्षीपासून मुलींचा संघ बंद. मैदानाच्या त्या कडेला त्यांना वाहनतळ करायचा होता. "नाहीतरी मुलींना पुढे लग्नंच करायचीत ना," असंही म्हणाले. मुलांना काय संन्यास घ्यायचा आहे, असं मी विचारलं. त्यांनी घंटी वाजवून शिपायाला बोलावलं. खो देणाऱ्या माणसाच्या कामात खो घालणारेच जास्त, हे मला त्या दिवशी कळलं.

जाण्याची परवानगी देण्याआधी प्राचार्यांना संघाच्या बलस्थानांचा लेखी अहवाल हवा होता. भाषेची बाई म्हणून तो मी लिहिला. कुणाची उंची किती, कोण किती वेगानं पळते, कोण खांबाला झपकन वळते, सगळं नीट मांडलं. पालीच्या मंगलपुढे लिहिलं, 'धीमी. पहिल्या नऊ जणींत घेऊ नये.' कागद सरांना दिला तेव्हा मी स्वतःवर भलतीच खूश होते.

सरांनी तो दोनदा वाचला. "मॅडम, यात पळणं आहे. बसणं कुठंय?"

"बसण्याचं काय लिहायचं?"

"नऊ जणींत पळते एक, बसतात आठ," सर म्हणाले. "चला मैदानावर."

त्यांनी मुलींना चौकोनांत बसवलं आणि मला त्यांच्यामागून चालायला लावलं. तेव्हा दिसलं. माझ्या अहवालातल्या चपळ मुली बसल्या जागी चुळबुळत होत्या, टाचा उचलत होत्या, खो मिळायच्या आतच अर्ध्या उठत होत्या. तसं उठलं की फाऊल होतो आणि समोरची पळणारी सुटते. मंगल मात्र रोवल्यासारखी बसली होती. सरांनी पाठीला हात लावून 'खो' म्हणताच जमिनीला हात न टेकता ती सरळ उभी राहिली.

"कुठं शिकलीस गं हे?" मी विचारलं.

"शिकायचं काय त्यात, मॅडम? खुरपणीला आमी दिसभर उकिडव्याच आस्तो की," ती म्हणाली. "तुमी न्हाई का बसत?"

शेजारची मार्गासनीची सविता फिसकन हसली. "मॅडम खुर्चीबिगर बसत्यात व्हय गं?"

खरंच नव्हते बसत. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवलं होतं, की चांगल्या घरच्या मुली उकिडव्या बसत नाहीत. ते मी इतकं मनावर घेतलं होतं, की समोर बसलेलं बळ मला दिसलंच नाही. मी अहवाल फाडला आणि मंगलपासून सुरुवात करून नवा लिहिला.

सामन्याच्या गावी यजमान संघाचे एक शिक्षक आमच्या मुलींकडे बघून म्हणाले, "पळतील चांगल्या. गुरांमागं सवय असेल." मी तोंड उघडलं, तोच सर हळूच म्हणाले, "राहू द्या, मॅडम. त्यांनीपण बसणं लिहिलेलं नाही."

शेवटच्या डावात पाठलाग आमचा होता. गुण बरोबरीत, आणि वेळ संपत आलेली. एक गडी बाद झाला, की आम्ही जिंकणार. त्यांची शेवटची पळणारी हुशार होती. बसलेल्या मुलींसमोर यायची, हूल द्यायची आणि आमच्या मुली घाईनं उठून फाऊल करायच्या. दोनदा तसंच झालं. मग ती मंगलसमोर आली. डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली, हसलीसुद्धा. मंगल हलली नाही. तेवढ्यात मागून सविताचा हात तिच्या पाठीवर पडला, "खो!" मंगल उठली आणि दोन पावलांत तिनं त्या मुलीच्या खांद्याला हात लावला.

मी इतकी किंचाळले, की कॉन्व्हेंटची सगळी वर्षं त्या एका किंकाळीत वाहून गेली. सविता रडत होती. मंगल म्हणाली, "रडती कशापायी? तुजा हात येस्तोवर बसले व्हते की मी!" सर लांब उभे राहून दोरी गुंडाळत होते. गुरांवाले शिक्षक कुठे दिसले नाहीत. पुढे सत्कारात प्राचार्यांनी या विजयाचं श्रेय व्यवस्थापनाच्या दूरदृष्टीला दिलं. वाहनतळ मात्र झाला नाही. मुलींचा संघ आजही तिथेच खेळतो आणि त्यांना शिकवायला मंगल येते.

गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. खुर्चीतून उठायची मला धास्तीच बसली होती. सर भेटायला आले. फळं न आणणारे ते एकटेच पाहुणे. माझ्यामागे उभे राहिले, पाठीवर हलकेच हात ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, खो." मी उठले.

सर, या महिन्यात तुम्ही निवृत्त होताय. आता घरी बसा, आराम करा, असं सत्कारात चार जण सांगतील. त्यांना बसणं म्हणजे काय ते ठाऊक नाही. तुम्ही खुशाल बसा. तब्येत ठणठणीत ठेवून, टाचा टेकवून, भरपूर वर्षं बसा. फक्त पाठ मैदानाच्या बाजूला असू द्या. मंगलचा हात कधीही पडेल.