निळी पडणारी नळी

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. सांगलीच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवत होते आणि उरलेल्या वेळात बकऱ्याच्या मेंदूतून एक चिमुकलं प्रथिन काढत होते. पीएच.डी.साठी. मार्गदर्शक पुण्याला, लग्न केलेलं नाही, मैत्रीण म्हणावी अशी कुणी नाही आणि स्वभाव तुसडा. मंडईमागचा खाटीक माझ्यासाठी सकाळी भेजे बर्फात घालून ठेवायचा. सहा महिन्यांनी त्यानं एकदा विचारलं, "मॅडम, एवढा भेजा घरात खातंय तरी कोण?" मी म्हटलं, घरात मी एकटीच असते. पुन्हा कधी त्यानं विचारलं नाही.

हे प्रथिन फार गुणी होतं. तेव्हा त्याचं नावसुद्धा पक्कं झालं नव्हतं. आज त्याला कॅल्मोड्युलिन म्हणतात. मेंदूचा अर्क उकळला की बाकीची बहुतेक प्रथिनं नासलेल्या दुधासारखी फाटून तळाला बसतात, हे बेटं वरच्या नितळ पाण्यात जसंच्या तसं. एकटं असलं की काही करत नाही. पेशीत कॅल्शियम वाढलं की त्याचे चार कण हे आपल्या चार खोबणींत धरतं, अंग उघडतं आणि शेजारच्या एखाद्या मोठ्या एन्झाइमला जाऊन बिलगतं. मग ते एन्झाइम जोरानं कामाला लागतं. कॅल्शियम ओसरलं की हे सोडून देतं. स्नायू आखडण्यापासून पेशी दुभंगण्यापर्यंत सगळीकडे याची लुडबूड. पुढं कितीतरी वर्षांनी त्याचं चित्र छापून आलं: दोन गोळे आणि मध्ये एक दांडी. ती दांडी लवते आणि दोन गोळे समोरच्याला दोन तळव्यांत धरल्यासारखे धरतात. ते चित्र बघताना मला आबा, माझे वडील, आठवले. का, ते पुढं कळेलच.

माझा सगळा प्रबंध दोन काचनळ्यांवर उभा होता. दोन्हींत प्रथिन, दोन्हींत एन्झाइम. एकीत कॅल्शियम घालायचं, दुसरी कोरी ठेवायची. शेवटी रंगाचं औषध टाकलं की पहिली गडद निळी व्हायला हवी आणि कोरी फिकी राहायला हवी. पावसाळ्याआधी तसं झालंही होतं, दोनदा.

त्या चैत्रात आई गेली. औंधजवळच्या आमच्या गावात आबा एकटे पडले. फौजेतून हवालदार होऊन आलेला माणूस, चूल पेटवायची माहीत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला मी त्यांना सांगलीला आणलं. किती वर्षांनी माझ्या खोलीत दोन ताटं मांडली गेली. संध्याकाळी दार उघडायच्या आधी आत कुणीतरी खोकतंय हे ऐकू यायचं आणि मला बरं वाटायचं. तसं मी त्यांना कधी म्हटलं नाही.

दिवसभर खोलीत बसून आबांना करमेना. ते प्रयोगशाळेत यायला लागले आणि नळ्या धुणं त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. फौजेत भांडी कशी घासून घेतात ते मी तेव्हा पाहिलं. धुतलेली प्रत्येक नळी उजेडाकडं धरायची, मग तिच्या तोंडाच्या आत अंगठा फिरवून खरखर लागते का बघायची, मगच वाळायला लाकडी घोडीवर लावायची. "आता कर्नलसायेब आला तरी बोट ठेवायला जागा न्हाई," असं म्हणून खूश व्हायचे. माझ्या शिपायाला असं धुता आलं असतं तर देव पावला असता.

आणि तेव्हापासून माझी कोरी नळी निळी पडायला लागली.

आधी मी कृष्णेच्या पाण्याला शिव्या घातल्या. पाणी दोनदा ऊर्ध्वपातित केलं. निळी. काच बदलली. निळी. रसायनांच्या नव्या बाटल्या फोडल्या. निळी ती निळीच. मार्गदर्शकांचं पत्र आलं: दिवाळीपर्यंत कोरी नळी कोरी दाखवा, नाहीतर हा विषय सोडून दुसरा घेऊ. दुसरा घ्यायचा म्हणजे चार वर्षं पाण्यात. मी आबांशीही धड बोलेनाशी झाले. ते मुकाट्यानं नळ्या अजूनच घासायला लागले.

एका दुपारी मी वर्गावरून लवकर आले. आबा खिडकीत बसले होते. डाव्या तळव्यावर तंबाखू, उजव्या अंगठ्यानं डबीतला चुना उचलला, मळला, दोन तळव्यांत धरून झाडला, बार दाढेत ठेवला. अंगठा धोतराला पुसला आणि नळी उचलून तिच्या तोंडाच्या आत फिरवला.

चुना. कॅल्शियमच की तो.

ती नळी मी त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावली. थोड्या पाण्यानं खंगाळून त्यात कॅल्शियम ओळखणारं ऑक्झलेट टाकलं. पांढरं गढूळ झालं. दाणे दिसावेत इतकं. मग माझं तोंड सुटलं. तुमच्यामुळं माझे चार महिने गेले, म्हटलं. कुणी सांगितलं होतं मधे पडायला, म्हटलं. चुना आणि कॅल्शियम एकच, एवढं साधं वाक्य मी त्यांना सांगितलं असतं तरी पुरलं असतं, पण तेवढं सोडून सगळं बोलले. आबांनी हात साबणानं धुतले, पुन्हा धुतले. म्हणाले, "मला काय ठावं, पोरी." दुसऱ्या दिवशी सकाळच्या यष्टीनं ते गावी गेले. राहा म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

सगळ्या नळ्या मी आम्लात भिजवून ठेवल्या. पुढच्या आठवड्यात कोरी नळी कोरी राहिली. फिकी, स्वच्छ. आकडा वहीत उतरवून मी मागं वळले, कुणाला तरी सांगायला. प्रयोगशाळेत फक्त घोडीवर पालथ्या घातलेल्या नळ्या होत्या. खूप रडले त्या दिवशी.

पत्र लिहायचं म्हणून दोनदा बसले आणि दोनदा उठले. दिवाळीत जाऊ, समोर बसून सगळं सांगू, असं ठरवलं. तशी गेले. ओसरीवर शेजारचे अण्णा आले, त्यांनी सवयीनं तंबाखूची चंची पुढं केली. आबांनी हात जोडले.

"सोडली?" मी विचारलं.

"सोडली की. सांगलीवरनं आलो त्याच दिवशी. डबी यष्टीतनंच भिरकावली."

"मग परत आला का नाही, आबा?"

"तू बोलावलं न्हाईस." त्यात राग नव्हता. अंगठा माझ्यापुढं धरून म्हणाले, "बघ, हाय का आता कायबी?"

अंगठा घासून घासून पांढराफटक पडला होता. मी म्हटलं, उद्याच चला माझ्याबरोबर. त्यांनी गोठ्याकडं बघितलं.

"आता कसं जमायचं? म्हस घेतलीया. एकटं लय खायाला उठायचं गं. आता तिला कोण बघंल?"

दुसऱ्या दिवशी आबा मला फाट्यापर्यंत सोडायला आले. यष्टीत खिडकीपाशी बसल्यावर लक्षात आलं, कोरी नळी कोरी राहिली हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.