पानवेलीच्या बाजूची फिल्डिंग

आमच्या शिरगावातल्या मैदानाला एका बाजूने सीमारेषाच नव्हती, बाबांचा पानवेलीचा मळा होता. खेळाचा नियम असा, की चेंडू मळ्यात गेला तर चौकार नाही. तो परत येईपर्यंत फलंदाजांनी पळत राहायचं. आणि बाबांचा नियम असा, की मळ्यात पायताण घालून यायचं नाही, मग साक्षात कलेक्टर का येईना. बाबांना वेलीपुढे जग दिसायचं नाही, मला क्रिकेटपुढे. मालकाची पोर म्हणून त्या बाजूला कायम मीच उभी. खेळायचेही अनवाणी, त्यामुळे दोन्ही नियम सुखाने नांदत होते.

मुलींच्या अंतिम सामन्याला पालघरहून निवड करणाऱ्या बाई आल्या. आमच्यातली एकच मुलगी जिल्ह्याच्या संघात जाणार होती, आणि ती मीच असायला हवी होती. त्यासाठी मावशीने बोईसरच्या बाजारातून मला बूट आणले होते. निसटू नयेत म्हणून मी नाड्यांना गाठीवर गाठ मारली.

शेवटचा चेंडू. समोरच्या संघातल्या, उमरोळीच्या मुलीने तो तडकावला आणि तो गडगडत मळ्यात. मी मागोमाग धावले, तर तोंडाशीच बाबा उभे, चेंडू हातात.

"बाबा, टाका!"

"मळ्यात फेकाफेकी नाय. आत ये नि घेऊन जा. आदी बूट काड."

गाठ सुटेना. मागे आमची कप्तान घसा फोडून ओरडत होती. शेवटी बाबांना माझी दया आली. त्यांनी चेंडू खिशात घातला, खाली बसले आणि वेल बांधताना असते त्याच सबुरीने माझ्या नाड्या सोडवू लागले. तिकडे उमरोळीच्या मुली जिंकल्या, तरी पळतच होत्या, कारण चेंडू अजून आला नव्हता.

बाईंनी आमच्या विकेटकीपरला निवडलं. मी बांधावर बसून ढसाढसा रडले. बाबा शेजारी येऊन बसले, खांद्यावरच्या पंच्याने माझं तोंड पुसलं.

"रडू नको गं," ते म्हणाले, "एक पान नाय तुटला."

मी वेलींसाठी रडतेय असंच त्यांना वाटत होतं. इतका संताप मला पुन्हा कधी आला नाही. तरी त्यांच्याच खांद्यावर डोकं ठेवून मी आणखी रडले.