जानोशाला खोल्या नाहीत

आमच्या होमस्टेच्या फाटकावर नवी गुळगुळीत पाटी लागली आहे. वर वाघाचं तोंड, खाली लिहिलंय, 'गावचा खरा पाहुणचार'. रोज सकाळी दूध आणायला मी त्या फाटकातून निघतो आणि रोज माझं डोकं फिरतं. गावचा खरा पाहुणचार मी खाल्लाय, आणि तो या फाटकाच्या आत मिळालेला नाही.

मी इथला नाही. माझं गाव कोकणात, सावंतवाडीच्याही पलीकडे. आठवीत शाळा सोडली, तेव्हापासून हॉटेलांच्या भटारखान्यात आहे. बोर धरणाच्या जंगलाजवळच्या या सहा खोल्यांच्या जागी आचारी म्हणून आलो, तेव्हा वर्धा नेमकं कुठे तेही मला ठाऊक नव्हतं. वर्ष होतंय तोच कोरोना आला. जंगलाचं गेट बंद, पाहुणे बंद. मालक नागपूरचे. फोनवर म्हणाले, "तू तिथेच राहा, जागा सांभाळ." छप्पर त्यांनी दिलं, हे मी कधी नाकारणार नाही. पण डाळ-तांदूळ कुठून आणायचे ते काही सांगितलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी मुळात घाबरट. फोन वाजला तरी दचकतो.

आम्हाला दूध घालणारी काकू समोरच्याच वावरात राहते. एक दिवस फाटकाशी येऊन म्हणाली, "काऊन गा, चार दिस झाले, फोडणीचा वास नाई येऊन राह्यला. गॅस संपला का?"

"गॅस आहे, काकू. शिजवायलाच काही नाही."

"मंग सांगाचं नाई का? तोंड कायले देल्लं देवानं?"

त्या संध्याकाळी तुरीची डाळ आली, ज्वारीचं पीठ आलं, वांगी आली. नंतर वेगवेगळ्या घरांतून येत राहिलं. मी कोण, कुठला, जातीचा कोण, कुणी विचारलं नाही. काकूने फक्त एवढंच विचारलं, "तिखट चालते ना तुले?"

मग गावाने या जागेलाही जगवलं. लग्नात नवरदेवाकडची माणसं जिथे उतरतात त्याला इकडे जानोसा म्हणतात. गावात जानोसा शाळेत असायचा, पण शाळेला कुलूप होतं. लग्नं मोजक्या माणसांत होत होती. काकूच्याच डोक्यात आलं की आमच्या सहा खोल्या ओस पडल्यात. तिच्या मोठ्या पोरीचा जानोसा इथे झाला. मालक तेव्हा खूश. "द्या, द्या. बंद खोल्यांना वास येतो."

त्या पहिल्याच जानोशात मी घोळ केला. हॉटेलची सवय, पाहुणा उठला की नाश्ता. आर्वीहून पहाटे निघालेलं वऱ्हाड उतरलं आणि मी त्यांना तांदळाचे घावणे आणि चण्याची उसळ पोटभर वाढली. इथली रीत मला ठाऊकच नव्हती. मुलीकडचे वाजतगाजत बोलवायला येत नाहीत तोवर व्याही चहापलीकडे काही घेत नाहीत. बोलावणं आलं तेव्हा निम्मे जण पलंगावर आडवे. पंगत बसली, तर पत्रावळीवर पोळ्या तशाच. काकूचा भाऊ गरजला, "कोणी चारलं यायले?" मी स्वयंपाकघराच्या दारामागे लपलो.

काकू पुढे झाली. "म्याच सांगतलं होतं. पहाटचे निघालेले, उपाशी ठेवू का?"

नवरदेवाची आई म्हणाली, "अवं माय, विहीणबाई, तुमच्याकडं तर उलटीच रीत!"

"रीत उलटी, पण पोट तर भरलं ना तुमचं?"

सगळी हसली. नंतर काकू आत आली. मला वाटलं, आता आपली खरडपट्टी. ती उरलेला घावणा मोडून खात म्हणाली, "मस्त झालं हाय. पुढच्या बारीनं मले इचारजो."

नंतर दोन उन्हाळे इथे जानोसे होत राहिले. त्यांच्यामुळे पंखे फिरले, विहिरीचा पंप चालू राहिला, मी राहिलो.

मग जंगल उघडलं, पाहुणे परतले. यंदा काकूच्या धाकटीचं ठरलं, नवरदेव अल्लीपूरचा. मालकांनी दिवाळीतच तिला तोंडावर सांगितलं होतं, "खोल्या तुमच्याच." आणि लग्नाला आठ दिवस असताना त्यांची गाडी आली.

"त्या दूधवाल्या बाईला सांग, जमणार नाही. मुंबईचा ग्रुप आहे, सगळ्या खोल्या लागतात."

"साहेब, आपण शब्द दिलाय."

"अरे यार, गाववाले समझ जाते हैं. शाळेत उतरतील. आणि पाहुण्यांसमोर तो बँड, ती पंगत, सगळीकडे पत्रावळी... रिव्ह्यू खराब होतो."

ज्या पंगतींवर ही जागा तगली त्यांची यांना आता लाज वाटते! हे मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो नाही. माझी नोकरी आणि माझी खाट एकाच छपराखाली आहे. मान हलवली आणि निरोप घेऊन गेलो. याची चीड मालकांवरच्या चिडीपेक्षा मोठी आहे, आणि ती माझ्या स्वतःवर आहे.

काकू अंगणात सरगुंडे वळत होती. काडीभोवती कणकेची दोरी गुंडाळायची, पोकळ नळी उतरवून सुपात वाळवायची. लग्नात आमरसाबरोबर वाढतात. मी निरोप सांगितला. तिने काडीवरची नळी सुपात उतरवली.

"बरं."

"बरं काय, काकू? भांडा ना त्यांच्याशी!"

"पोरीच्या लग्नात भांडू का गा मी? शाळा हाय ना. तू काऊन रडून राह्यला?"

लग्नाच्या दिवशी अल्लीपूरचं वऱ्हाड शाळेच्या तापलेल्या पत्र्याखाली उतरलं, दोन पंख्यांत. मी मुंबईच्या पाहुण्यांसाठी पोहे झाकून ठेवले आणि पीठ, तवा घेऊन तिकडे गेलो. या वेळी आधी विचारलं.

"काकू, व्याह्यांना घावणे देऊ?"

"आता इचारते लेकाचा! दे. आपली रीत उलटीच हाय."

मालकांचे फोन येत राहिले. मी उचलले नाहीत. दुपारी ते स्वतःच आले, मागे ग्रुप, हातात मोबाईल. पाहुण्यांना म्हणे गावाकडचं खरं लग्न बघायचं होतं. ज्यांच्या खोल्या काढून घेतल्या त्यांचंच लग्न यांना दाखवायचं! माझी कानशिलं तापली.

"साहेब, तुम्हाला बोलावणं आहे का?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

पण काकू मधे आली. "बसवा बाप्पा त्यायले. ते पाहुणे हायेत. शब्द त्यायनं नाई मोडला." ग्रुप पंगतीत बसला. मालकही बसायला वाकले, तेवढ्यात काकूने त्यांच्या हातात पाण्याचा जग दिला. "तुम्ही तर घरचेच, साहेब. माणसं कमी पडून राह्यले. वाढा."

स्वतःच्या पाहुण्यांसमोर नाही कसं म्हणणार? नागपूरचे साहेब इस्त्रीच्या शर्टात वाकून अल्लीपूरच्या व्याह्यांना पाणी वाढत गेले. "इकडे या वो पाणीवाले!" एक म्हातारा ओरडला आणि पंगत खदखदली.

मला मात्र हसू आलं नाही. पाण्याच्या एका जगाने काय फिटतं? वऱ्हाडातली म्हातारी माणसं रात्रभर त्या पत्र्याखाली घामाघूम होणार होती. ग्रुपमधल्या एका बाईने विचारलं, "तुम्ही याच गावचे का?" मी सरगुंडे वाढत म्हणालो, "हो."

मालक त्या दिवसाबद्दल अजून काही बोललेले नाहीत. पाटी तशीच आहे. परवा दूध मोजताना काकूने सांगितलं, तिच्या पुतणीचं ठरतंय. मी म्हणालो, "जानोसा आमच्याकडेच. सहाही खोल्या."

"मालकाले इचारलं का?"

"विचारतो."

अजून विचारलेलं नाही. पण काल त्या सहाही खोल्यांच्या गाद्या मी उन्हात घातल्या.