चिनी बक्षिसांची संध्याकाळ

नागाप्पांच्या घरात हळू बोलायची पद्धतच नव्हती. खाली किराणा दुकान, वर घर. गिऱ्हाइकाला मारलेली हाक आणि बायकोला मारलेली हाक एकाच पट्टीतली. नेमकी अशा घरात त्यांची बायको अक्काताई बहिरी झाली. पस्तिसाव्या वर्षी तिला मोठा ताप आला, आणि जाताना तो दोन्ही कान घेऊन गेला.

पण बाई खमकी. ती ओठ वाचायला शिकली. माणूस समोर तोंड करून बोलला तर तिचं काही अडत नसे. तंबाखू चघळत बोलणाऱ्याला ती सरळ सांगे, "आधी थुकून ये, मग बोल." पेठेतल्या भल्याभल्यांनी तिच्यासाठी तोंड रिकामं केलं होतं. घरातली माणसं मात्र समोर तोंड करून थोडीच बोलतात? ती पाठमोरी बोलतात, तोंडात घास ठेवून बोलतात. सगळे हसले की अक्काताई विचारी, "काय झालं?" मुलगा वीरेश हात हलवून म्हणे, "काय न्हाय अव्वा, असंच." या 'असंच'चा तिला भारी राग होता. टीव्हीपुढे तर हे रोजचंच. शेवटी ती टीव्हीच्या वेळेला मुद्दाम कामं काढून स्वयंपाकघरात बसायला लागली.

त्र्याण्णव साली जोतीरामनं पेठेत केबल आणली. गच्चीवर भली मोठी छत्री बसवली आणि तिच्यात फुकट जे जे सापडलं ते सगळं लोकांच्या गळ्यात मारलं. अकरा नंबरला चिनी लागायचं. त्या थंडीत एका संध्याकाळी जोतीरामचं यंत्र बिघडलं. अकरा नंबर सोडून सगळीकडे नुसत्या मुंग्या. चहाचे कप हातात घेऊन बसलेली माणसं उठणार कुठं? तेच बघत बसली. चिनी मालिकांना वर्षाची बक्षिसं वाटायचा कार्यक्रम होता. पाकीट फोडायचं, नाव पुकारायचं, मग कुणीतरी धावत येऊन बक्षिसाची बाहुली हातात घेऊन माइकपुढे बोलायचं. काय बोलतात ते कुणाच्या बापाला कळेना.

अक्काताई दारात उभी होती. ती एकदम म्हणाली, "त्या हिरव्या झग्यावालीला मिळतंय बघा. मघापास्नं पदर सावरल्यागत करत्या." हिरव्या झग्यावालीलाच मिळालं. पुढची तीन बक्षिसंही तिनं बरोबर सांगितली. बारा वर्षं ती माणसांची तोंडंच वाचत होती, तिला काय अवघड? नागाप्पा सरकून बसले, तिला जागा केली आणि म्हणाले, "आता काय म्हणतोय गं ह्यो?"

"आईचं नाव घेतंय," अक्काताई म्हणाली, "बायकूचं इसरलंय. बायकू बघा कशी बसल्या." घर खो खो हसलं.

तेव्हापासून ही रीतच पडली. दर वर्षी थंडीत घरातले सगळे अकरा नंबरपुढे बसत आणि अक्काताई सांगेल ते ऐकत. पुढे सून आली, दानेश्वरी; तीही सामील झाली. अक्काताईला त्या बाहुल्यांचं काही पडलं नव्हतं. वर्षातून एकदा ती घरच्यांबरोबर हसत होती, आणि त्यासाठी ती वर्षभर वाट बघायची.

दोन हजार दोनच्या थंडीत अकरा नंबरला मराठी चॅनेल आलं. अक्काताई तडक जोतीरामकडे गेली. त्यानं न सांगता तंबाखू थुंकली.

"मावशी, अख्ख्या पेठेत कोण बघतंय ते चिनी?"

"मी हाय की बघणारी."

"पर तुमाला कळतंय काय त्यातलं?"

"आमच्या घरात जेवढं समद्यांस्नी कळतंय, तेवढंच मला कळतंय. आसं दुसरं कुठलं च्यानेल तुझ्याकडं आसलं तर दे."

छत्री दुसरीकडे फिरवली होती, ती आता परत फिरणार नव्हती. तेवढं जोतीरामनं तिच्याकडे तोंड करून, हळूहळू सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुकानात शेंगदाणे घ्यायला आला तेव्हा ती काय म्हणाली ते त्यानं नागाप्पांच्या कानावर घातलं. नागाप्पांनी शेंगदाणे तोलले, पुडी बांधली, आणि सुट्टे पैसे द्यायला विसरले.

त्या आठवड्यात मराठी चॅनेलवर मराठी मालिकांचा बक्षीस समारंभ होता. दानेश्वरीनं संध्याकाळची भाकरी लवकर उरकली. अक्काताई लसूण घेऊन स्वयंपाकघरात बसली. नागाप्पा आत गेले, तिच्या पुढ्यातली लसणाची परडी उचलली आणि तिला हाताला धरून बाहेर आणलं. मग टीव्हीजवळ जाऊन आवाज पार बंद केला.

"मामा, ऐकू कसं येणार?" दानेश्वरीनं सासऱ्यांना विचारलं.

"तिला येतंय तसंच," नागाप्पा म्हणाले.

अक्काताईला क्षणभर काय झालं ते समजलं नाही. मग तिला दिसलं, की कुणीच कान देऊन ऐकत नव्हतं. सगळे नुसते बघत होते. पडद्यावर एक जाडा नट बाहुली घेऊन माइकपुढे उभा राहिला. त्याचं तोंड अख्ख्या टीव्हीभर दिसत होतं, आणि तो मराठी बोलत होता. या खेपेला तिला अंदाज करायची गरज नव्हती. तो दोन वाक्यं बोलला असेल नसेल, तोच अक्काताई पोट धरून एकटीच हसायला लागली, आणि घरातली सगळी माणसं पडदा सोडून तिच्या तोंडाकडे बघत बसली.