चाची ऑफिसपर्यंत चालल्या

बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या वृद्धाश्रमात मी सिस्टर म्हणून लागले, तेव्हा लासुर्ण्याच्या चाचींनी बोलणं जवळपास टाकलंच होतं. खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन होऊन बरेच महिने झाले होते. आता चालायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणायचे, आणि मॅनेजरसाहेबही येता-जाता "चाची, चाला" म्हणायचे. पण वॉकर पुढं केला की चाची भिंतीकडं तोंड फिरवायच्या. "कुठं जायचंय मला?" एवढंच म्हणायच्या.

एके सकाळी आमच्या स्वयंपाकीण मावशी काटेवाडीहून टोपलीत करडू घेऊन आल्या. त्यांची शेळी विताना मेली होती आणि घरी त्याला पाजायला दिवसभर कुणी नव्हतं. मी व्हरांड्यात बसून बाटली त्याच्या तोंडाशी धरली, तर ते मान झटकून नुसतं ओरडत सुटलं.

खोलीतून आवाज आला, "अगं, अशी उभी धरू नको, ठसका लागंल त्याला. आण हिकडं."

मी दचकलेच. चाचींनी करडू मांडीवर घेतलं, दुधात बुडवलेलं बोट त्याला चोखायला दिलं आणि मग अलगद बाटलीचं निपल तोंडात सरकवलं. जन्मभर त्यांनी शेळ्या सांभाळल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

करडू व्हरांड्यात बांधलेलं असायचं. आठवड्याभरात चाचींनी स्वतःहून वॉकर मागितला. आधी दारापर्यंत, मग त्याच्यापर्यंत. शेजारच्या खोलीतले आबा रोज त्याच्यासाठी सुबाभळीचा पाला आणू लागले. दुपारी तिथं गप्पा रंगायला लागल्या.

आणि मग मॅनेजरसाहेबांनी फर्मावलं, "हा वृद्धाश्रम आहे, गोठा नाही. उद्या करडू हलवा."

मी चाचींना ते सांगितलं. त्यांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "वॉकर दे."

ऑफिस इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाला. चाची दोनदा थांबल्या, धापा टाकल्या. मी हात पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला. खोल्याखोल्यांतून माणसं दारात येऊन उभी राहिली. चाचींना आत येताना पाहून साहेब खुर्चीतून उठलेच.

"तुमीच म्हणता ना, चाची चाला, चाला? आले बघा चालत. करडू कुठं जायचं न्हाय."

साहेब त्यांच्या पायांकडं बघतच राहिले. मग खुर्ची पुढं ओढत म्हणाले, "राहू द्या ते करडू. बसा तुम्ही."

"बसत न्हाय. त्याच्या दुधाची येळ झाली."

व्हरांड्यात टाळ्यांचा कडकडाट झाला आणि चाची आल्या तशाच चालत परत निघाल्या. त्या दिवशी त्यांच्या फाईलमध्ये मी लिहिलं, 'ऑफिसपर्यंत स्वतः चालल्या, जाताना आणि येतानाही!' फाईलमध्ये उद्गारचिन्ह टाकायची पद्धत नसते. मी टाकलं.