गुणाजी परबने सोडलेल्या गोळ्या

घाटकोपरच्या भटवाडीत गुणाजी परबला सगळे लिफ्टवाला म्हणूनच ओळखत. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा ते देवगडला गावी निघून गेले आणि गुणाजी आयटीआय करून लिफ्टच्या कंपनीत लागला. तेवीस वर्षं त्याने तेच काम केलं. डब्याच्या टपावर उभं राहायचं, कमरेला पट्टा बांधायचा आणि बॅटरीच्या उजेडात वरचे दोर, चाकं, ब्रेक तपासायचे. या कामाचा त्याला अभिमान होता. सोसायटीतली म्हातारी माणसं आपल्या भरवशावर वर-खाली करतात, असं तो म्हणायचा.

एकेचाळिसाव्या वर्षी त्याला शौचातून रक्त पडू लागलं. वर्षभर मूळव्याध समजून मलमं लावण्यात गेलं. मग नळी घालून तपासणी झाली तेव्हा मोठ्या आतड्याला आतून व्रण पडलेले दिसले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस, आणि हा बरा होत नाही, ताब्यात ठेवावा लागतो, हेही सांगितलं. कळ आली की गुणाजीला हातातलं काम टाकून पळावं लागे. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कुठल्या सोसायटीत वॉचमनचा संडास कुठे आहे, हे त्याला पाठ झालं होतं. जानकीला, आपल्या बायकोला, तो हे हसत सांगायचा. ती मात्र कधी हसली नाही.

स्टिरॉइडच्या गोळ्यांनी रक्त थांबलं. पण महिन्याभरात चेहरा पुरीसारखा फुगला. गावाहून आई आली, तिने दारात त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ह्यो माझो झील न्हय." स्वतःचा मुलगा तिला ओळखू आला नाही. तोंडाला पदर लावून ती रडली. गुणाजीला सारखी भूक लागायची, झोप यायची नाही आणि राग तर नाकावर. एकदा भाजीत मीठ कमी पडलं म्हणून त्याने ताट भिरकावलं. पंधरा वर्षांची रुचिरा बापाचं हे रूप पहिल्यांदाच बघत होती. दुसऱ्या दिवशी त्याने तिची माफी मागितली, पण त्यानंतर ती त्याच्यासमोर जेवायला बसेना. त्यात हाताला कंप सुटला. चहाचा कप तो दोन्ही हातांनी धरू लागला. गोळी कमी केली की रक्त, वाढवली की कंप. असं तीन वर्षं चाललं.

शेवटी डॉक्टर म्हणाले की स्टिरॉइड असंच चालू ठेवलं तर हाडं पोकळ होतील. त्यांनी दुसरी गोळी सुचवली. तिचा गुण यायला दोन-तीन महिने लागणार, तोवर पहिल्या गोळ्या चालूच ठेवायच्या. दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं, कारण या गोळीने पांढऱ्या पेशी घटू शकतात. क्वचित कुणाला कर्करोगही होतो, हे त्यांनी लपवलं नाही. "पण औषध न घेण्यातही धोका आहे," ते म्हणाले, "फक्त तो खोक्यातल्या कागदावर छापलेला नसतो."

घरी रुचिराने तो कागद उघडला आणि इंग्रजीतून एकेक ओळ सांगत गेली. कर्करोगाशी आली आणि थांबली. ती गोळी सुरू झालीच नाही. तेव्हा जानकीच म्हणाली की शेजारच्या शेवंतीचे गुडघे मुलुंडच्या एका वैद्यबाईंनी बरे केलेत, एकदा दाखवून तर बघू. तिची सकाळ पोळी-भाजी केंद्रावर जायची, म्हणून गुणाजी एकटाच गेला. परत आला तो काढ्याची पुडकी घेऊन. पथ्य सांगितलंय, म्हणाला, ताक, मऊ भात, तिखट बंद. आणि जुन्या गोळ्या हळूहळू सोडायला सांगितल्यात.

जानकीने विश्वास ठेवला. का ठेवू नये? महिन्याभरात त्याच्या चेहऱ्याची सूज उतरू लागली. हात स्थिर झाले. त्या गणपतीत गावच्या घरी तो तीन वर्षांनी पखवाजावर बसला, आणि चुलत भाऊ थकले तरी हा थांबेना. रुचिरा त्याच्या शेजारी टाळ घेऊन बसली होती. जानकी माजघराच्या दारात उभी राहून बघत होती. वैद्यबाईंना साडी न्यायची, असं तिने मनात ठरवूनही टाकलं.

नवरात्र संपता संपता रक्त परत आलं, आणि ताप. दिवसातून अठरा-वीस वेळा त्याला उठावं लागे. काढा आधी पोट ढवळून काढतो, मग गुण येतो, असं म्हणत त्याने चार दिवस काढले. पाचव्या दिवशी पोट टम्म फुगलं आणि तो जानकीला ओळखेना. इस्पितळात सर्जन म्हणाले की मोठं आतडं फुटायच्या बेतात आहे, काढावंच लागेल. तिने सही केली. शुद्धीवर आल्यावर गुणाजीने पोटावर चिकटवलेली पिशवी चाचपली. आता मळ कायम तिच्यातच येणार होता. त्याने मान भिंतीकडे वळवली.

तीन महिने जानकी मनातल्या मनात वैद्यबाईंना शिव्याशाप देत राहिली. मग एका दुपारी जाब विचारायला मुलुंडला गेली. बाई पन्नाशीच्या होत्या, क्षमा नाव. त्यांनी तिचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. मग कपाटातून गुणाजीचा कागद काढला आणि तिच्यापुढे ठेवला. त्यावर ठळक मराठीत लिहिलं होतं, 'चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.' खाली गुणाजीची सही होती.

"मी दोनदा फोन केला त्यांना," बाई म्हणाल्या. "दोन्ही वेळा म्हणाले, चालू आहेत. मी तुम्हाला बोलावून घ्यायला हवं होतं. ते माझं चुकलं."

जानकीने कागद दोनदा वाचला. बाईंनी दिलेलं पाणी ती प्यायली आणि निघाली.

घरी गुणाजी खिडकीपाशी बसला होता. ती चप्पल न काढताच म्हणाली, "मी मुलुंडला जाऊन आले."

 तो खाली बघत बोलू लागला. गेल्या वर्षी बोरिवलीला एका टॉवरमध्ये काम चालू होतं. तो टपावर, आणि त्याचा जोडीदार सुयोग खाली खड्ड्यात. हात थरथरला आणि पाना सुटला. सात मजले खाली गेला.

"त्याच्या खांद्याला घासून गेला गं. वीतभर इकडे असता तर डोक्यात. त्याची पोरगी दीड वर्षाची. तो वर आला आणि मलाच म्हणतो, परबदादा, तुम्ही ठीक आहात ना?"

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू काम सोडायला लावलं असतंस. म्हणून मग गोळ्याच सोडल्या."

"लावलंच असतं," जानकी म्हणाली. "आता सुटलंच ना."

तिला ते बोलायचं नव्हतं, पण तोंडून निघून गेलं. गुणाजीने मान हलवली. मग ती त्याच्याशेजारी जमिनीवर बसली, आणि दिवेलागण होईपर्यंत दोघंही उठली नाहीत.

पुढच्या तपासणीला तिने डॉक्टरांना विचारलं, गोळ्या सोडल्या नसत्या तर आतडं वाचलं असतं का? डॉक्टर म्हणाले, कदाचित. दुसरी गोळीही लागू पडली नसती तर ऑपरेशनच करावं लागलं असतं. नक्की कुणालाच सांगता येणार नाही. जानकी त्या 'कदाचित'वर अजून अडते. भाकरी थापताना अडते, कपडे वाळत घालताना अडते. आपण मुलुंडचं नाव काढलं नसतं तर, हेही सोबत येतंच.

कंपनीने गुणाजीला अंधेरीच्या ऑफिसात तक्रारींच्या फोनवर बसवलं. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं घाबरून फोन करतात, तेव्हा मेकॅनिक पोचेपर्यंत तो त्यांच्याशी बोलत राहतो. पोटावरची पिशवी कधी आवाज करते, म्हणून त्याने कोपऱ्यातलं टेबल मागून घेतलंय. घरी तो कामाबद्दल काही सांगत नाही. जानकीही विचारत नाही.

रुचिराला तिने वैद्यबाईंकडच्या कागदाचं आणि पान्याचं सगळं सांगितलं. पोरगी ऐकून उठली, बापाच्या ताटाशेजारी स्वतःचं ताट मांडलं आणि मुकाट्याने जेवायला बसली. गुणाजीने तिच्या पानात भात वाढला.