काकांनी शिकवलेलं कडक इंग्रजी

नव्वदच्या आसपास आम्ही गिरगावातली खोली विकून मीरा रोडला, शांती नगरात तळमजल्यावर राहायला आलो. त्या घरात आईला एकच गोष्ट मनापासून आवडली होती, हॉलची खिडकी. बिल्डरने नकाशात तिच्यासमोर बाग दाखवली होती. बाग काही झाली नाही, पण उजेड भरपूर यायचा आणि आई दिवसभर खिडकीशी मशीन लावून लोकांचे ब्लाउज शिवायची. वर्षभराने कळलं, बागेच्या जागी दुकानांचे गाळे येणार, खिडकीपासून दोन हातांवर.

मी फोर्टमधल्या एका ऑफिसात टायपिस्ट होते. साहजिकच बिल्डरला इंग्रजी पत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मदतीला तिसऱ्या मजल्यावरचे काका, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. माझा मसुदा वाचून ते म्हणाले, "अगं, हे पत्र आहे की रजेचा अर्ज? लिही, वुई शॅल फाइट टूथ अँड नेल."

मी अर्थ विचारला. काका खुलले. "दात आणि नखं. हातातली काठी मोडली तरी माणूस सोडत नाही, चावतो, ओरबाडतो, तसं लढायचं. पण येताजाता वापरायचं नाही हं. नळावरच्या भांडणाला तर नाहीच. जिथे माघार घ्यायचीच नाही, तिथेच." मला ते वाक्य फार आवडलं. जेवणाच्या सुट्टीत मी ते मनातल्या मनात म्हणून बघायचे.

पत्राखाली पहिली सही माझी. "तू हो गं पुढे, आम्ही सगळे आहोत ना मागे," असं काकाच म्हणाले. चढ जा बेटा सूली पर म्हणतात ते हेच. पण तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, मला ते कौतुक वाटलं.

रविवारी बिल्डरने आम्हा सह्या केलेल्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांना त्याच्या ऑफिसात बोलावलं. चहा आला. त्याने पत्रातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "ये दाँत-नाखून किसने लिखा? हम जानवर हैं क्या?"

सगळे काकांकडे बघायला लागले. मीही. काकांनी चष्मा पुसला. "पोरगी अभी छोटी है, शेठ. जोश में लिख दिया. मैंने बोला था उसको, इतना कडक मत लिख."

राग मला नंतर आला. आधी वाटलं, पुढच्या वाक्यात सावरून घेतील. ते बशीत चहा ओतत राहिले.

एखाद्या गाळ्याच्या लोभाने केलं असतं, तर मी समजू शकले असते. काकांना काहीसुद्धा मिळालं नाही. ते नुसते घाबरले आणि माझ्या आड लपले. हे मी त्यांना आजही माफ केलेलं नाही.

माफीचं पत्र द्यायचं ठरलं. मजकूर काकांनी सांगितला, टाइप मी केला. आईने तोवर मशीन आतल्या खोलीत ट्यूबलाइटखाली नेऊन ठेवलं होतं. संध्याकाळी काका खाली आले, दारातच उभं राहून त्यांनी पत्र वाचलं. "वा! एक चूक नाही. इंग्रजी सुधारलं गं तुझं."

आणि सांगायला लाज वाटते, पण ते ऐकून मला क्षणभर बरं वाटलं.